मरणाएवढं मोठं कारण

१ फेब्रुवारी १९५९ च्या संध्याकाळी उत्तर उरलमधल्या एका बोडक्या डोंगरउतारावर नऊ जणांनी तंबू ठोकला. बहुतेक जण स्वेर्दलोव्स्कच्या, म्हणजे आजच्या येकातेरिनबुर्गच्या, उरल पॉलिटेक्निक इन्स्टिट्यूटमधले. काही अजून शिकत होते, काही नुकतेच इंजिनिअर होऊन बाहेर पडले होते. म्होरक्या इगोर द्यातलोव्ह २३ वर्षांचा. दोन मुली, झिनाइदा कोल्मोगोरोवा आणि ल्युदमिला दुबिनिना. सगळ्यांत मोठा सेम्योन झोलोतार्योव्ह, दुसरं महायुद्ध लढून आलेला. त्यांनी उतारावरचा बर्फ कापून जागा सपाट केली, खाली स्की अंथरल्या, वर तंबू उभा केला. त्या दिवशी त्यांनी गंमत म्हणून एक विनोदी वार्तापत्रही लिहिलं होतं. पुढच्या काही तासांत नऊही जण मेले.

२६ फेब्रुवारीला शोधपथकाला तंबू सापडला. त्याचं कापड आतून कापलेलं होतं. बूट, कोट, कुऱ्हाडी, खाणं, सगळं आतच. बाहेर आठनऊ जणांच्या पावलांचे ठसे खालच्या जंगलाकडे गेलेले, कुणी नुसत्या मोज्यांवर. साधारण दीड किलोमीटरवर एका मोठ्या सीडरच्या झाडाखाली विझलेली शेकोटी आणि अंतर्वस्त्रांवर असलेले दोन मृतदेह. त्या झाडापासून वर तंबूच्या दिशेनं ३००, ४८० आणि ६३० मीटरवर आणखी तिघं. उरलेले चौघं मे महिन्यात, बर्फ उतरायला लागल्यावर, जवळच्या एका घळीत सापडले. त्यांतल्या दोघांच्या बरगड्या मोडल्या होत्या, एकाची कवटी फुटली होती. दुबिनिनाची जीभ आणि डोळे नव्हते. काही कपड्यांवर किरणोत्सर्गाच्या खुणा आढळल्या. २८ मे १९५९ रोजी तपास बंद झाला. निष्कर्ष असा, की एका नैसर्गिक शक्तीमुळे हे मृत्यू झाले आणि तिच्यावर मात करणं या लोकांच्या आवाक्याबाहेरचं होतं.

ती शक्ती कुठली, हे त्या कागदात लिहिलेलं नाही. त्या रिकाम्या जागेत गेली सहासात दशकं माणसं आपापलं उत्तर भरत आली आहेत. लष्कराची गुप्त चाचणी, केजीबी, तुरुंगातून पळालेले कैदी, आकाशातले अग्निगोल, माणसाला सैरभैर करणारा वाऱ्याचा अतिमंद ध्वनी, हिममानव, परग्रहवासी. २०१९ साली रशियन सरकारी वकिलांनी हे प्रकरण पुन्हा उघडलं, तेव्हा ७५ थिअऱ्या असल्याचं त्यांनीच सांगितलं होतं. तुमच्या फोनवरही यातली एखादी कधीतरी येऊन गेली असेल. 'डायटलोव्ह पास' असा थंबनेल, निळसर बर्फ, मागे घुमणारं संगीत आणि शेवटी 'तुम्हाला काय वाटतं, कमेंटमध्ये सांगा'.

आपल्याला काय वाटतं, हा प्रश्न साधा वाटतो. तो खरंच तितका साधा आहे का, याचा हा लेख आहे. जी माणसं स्वतः उत्तर द्यायला उरलेली नाहीत, त्यांच्या मरणाचा अर्थ लावताना आपल्यावर काही बंधन असतं का? की कोडं सगळ्यांचं असतं आणि ते हवं तसं सोडवावं?

सगळ्यांत कंटाळवाणं उत्तर

आधी आज हाताशी असलेलं सगळ्यांत भक्कम स्पष्टीकरण पाहू. जुलै २०२० मध्ये रशियन सरकारी वकिलांनी हिमस्खलन हे कारण जाहीर केलं. जानेवारी २०२१ मध्ये योहान गोम आणि अलेक्झांडर पुझरिन या स्वित्झर्लंडमध्ये काम करणाऱ्या दोन शास्त्रज्ञांचा शोधनिबंध आला. हिमस्खलनावर जुने आक्षेप होते. उतार फारसा तीव्र नाही, तंबूपाशी हिमस्खलनाच्या खुणा दिसल्या नाहीत, आणि उतार कापल्यावर बर्फ लगेच न घसरता इतक्या तासांनी का घसरला? गोम आणि पुझरिन यांचं म्हणणं असं, की तंबूच्या जागी उतार वरून वाटतो त्यापेक्षा जास्त, साधारण २८ अंशांचा होता. खाली बर्फाचा एक कच्चा थर होता. तंबूसाठी बर्फ कापल्यामुळे वरच्या थराचा आधार गेला. रात्री डोंगरमाथ्यावरून सुटलेल्या वाऱ्यानं त्यावर आणखी बर्फ आणून टाकला, आणि काही तासांनी एक लहानशी, पण घट्ट लादी सुटून झोपलेल्या माणसांवर आली. इतकी लहान, की तीन आठवड्यांनी तिची खूण राहू नये.

या अभ्यासाची एक गोष्ट गाजली. बर्फाची हालचाल मांडण्यासाठी गोम यांनी डिस्नेच्या 'फ्रोझन' चित्रपटात बर्फासाठी वापरलेल्या ॲनिमेशनच्या कोडची मदत घेतली होती. बरगड्या किती दाबानं मोडतात, याची आकडेवारी मोटार कंपन्यांच्या जुन्या सुरक्षा-चाचण्यांमधून घेतली होती.

बाकीच्या विचित्र गोष्टींना वेगवेगळी, लहान लहान उत्तरं आहेत. अतिथंडीनं मरणाच्या दारात पोचलेल्या माणसाला कधी कधी अचानक प्रचंड उकडल्यासारखं होतं आणि तो कपडे काढून टाकतो. वैद्यकशास्त्राला हे माहीत आहे. शिवाय झाडाखालच्या दोघांचे काही कपडे नंतर जिवंत असलेल्यांनी काढून घेतले होते, ते घळीतल्या मृतदेहांवर सापडले. जीभ आणि डोळ्यांसारखे मऊ भाग तीन महिने वितळत्या बर्फाच्या पाण्यात पडलेल्या देहात टिकत नाहीत, प्राणीही ते आधी खातात. किरणोत्सर्गाबद्दल सांगायचं तर गटातला गिओर्गी क्रिवोनिशेंको मायाक या अणुप्रकल्पात काम केलेला होता, जिथे १९५७ साली मोठी दुर्घटना झाली होती.

सगळं सुटलं असं नाही. बरगड्या मोडलेली माणसं दीड किलोमीटर अंधारात उतरली कशी? बाकीच्यांनी त्यांना आधार देत नेलं असेल, किंवा त्या जखमा घळीतच, वरचा बर्फ कोसळल्यामुळे झाल्या असतील. स्वतः या दोन शास्त्रज्ञांनीही सगळं कोडं सुटल्याचा दावा केला नाही. असं काही घडू शकतं, एवढंच त्यांनी दाखवलं.

इतकं असूनही अनेकांना हे उत्तर पुरत नाही. का पुरत नाही, याची मला तरी तीन कारणं दिसतात, आणि तिन्ही वेगवेगळ्या जातीची आहेत.

मापाचा हट्ट

पहिलं कारण मापाचं. नऊ तरुण, अनुभवी माणसं जातात. मग कारणही तसंच भारदस्त हवं, असं आपल्याला आतून वाटतं. काही मीटर बर्फाची एक लादी आणि एक चुकीची रात्र, हे त्या मरणापुढे फार किरकोळ वाटतं. मोठ्या परिणामाला मोठं कारण हवं, हा नियम निसर्गानं कधी मान्य केलेला नाही. तो आपण बनवलेला आहे, आणि बनवण्यामागे एक प्रकारची माया आहे. जवळचं माणूस बाथरूममध्ये घसरून गेलं, तर घरातले किती दिवस म्हणत राहतात, 'असं कसं होईल? काहीतरी असणार.' त्या 'काहीतरी'मध्ये मेलेल्या माणसाचं मोल दडलेलं असतं. क्षुल्लक कारण मान्य केलं तर आयुष्यच क्षुल्लक ठरेल, अशी भीती असते.

याच हट्टाची दुसरी बाजू म्हणजे सगळ्या विचित्र गोष्टी एकाच गोष्टीनं जोडल्या गेल्या पाहिजेत, ही अपेक्षा. फाडलेला तंबू, गेलेली जीभ, किरणोत्सर्ग: तीन विचित्र गोष्टी, तेव्हा तिघींमागे एकच हात. पण कुठल्याही घटनेकडे पुरेशा जवळून पाहिलं, तर तिथे विचित्र गोष्टी सापडतातच. २२ नोव्हेंबर १९६३ ला डॅलसमध्ये केनेडींवर गोळ्या झाडल्या गेल्या, तेव्हा लख्ख उन्हात एक माणूस काळी छत्री उघडून रस्त्याकडेला उभा होता. छत्रीतून विषारी बाण सोडला इथपर्यंत तर्क गेले. १९७८ मध्ये तो माणूस अमेरिकी संसदेच्या समितीपुढे आला. त्यानं सांगितलं, की केनेडींच्या वडिलांनी हिटलरपुढे नमतं घेणाऱ्या चेंबरलेनला पाठिंबा दिला होता; चेंबरलेनची छत्री प्रसिद्ध, म्हणून निषेध करायला तो छत्री घेऊन आला होता. हे खरं कारण कुठल्याही थिअरीपेक्षा जास्त विचित्र आहे आणि खुनाशी त्याचा काही संबंध नाही.

तुमच्या घरातल्या कालच्या रात्रीचा तपास कुणी सहासात दशकांनी केला, तर त्यालाही अशी एखादी छत्री सापडेल.

संशय कुणाचा?

दुसरं कारण संशयाचं आहे, आणि ते हसण्यावारी नेता येत नाही. हे सगळं घडलं त्या राज्यात सरकार खोटं बोलत होतं. १९५७ ची मायाकची दुर्घटना सोव्हिएत सरकारनं अनेक वर्षं लोकांपासून लपवून ठेवली होती. अशा देशात तुमचं मूल डोंगरात मरतं, तपास तीन महिन्यांत गुंडाळला जातो, कारण म्हणून एक मोघम वाक्य हाती येतं. या परिस्थितीत शांतपणे 'बरं' म्हणणारा बापच वेडा म्हणायचा. या सहलीला खरं तर दहा जण निघाले होते. दहावा युरी युदिन दुखणं उमळल्यामुळे २८ जानेवारीला मागे फिरला आणि वाचला. मित्रांचं सामान ओळखायचं काम नंतर त्याच्याकडे आलं. २०१३ साली तो वारला. हा साधा नैसर्गिक अपघात होता, हे त्याला अखेरपर्यंत पटलं नव्हतं.

त्यामुळे २०२० साली सरकारनं हिमस्खलन म्हटल्यावर अनेक नातेवाइकांनी ते नाकारलं, याचं नवल वाटत नाही. खोटं बोलण्याची किंमत फक्त त्या खोट्यापुरती नसते. पुढे कधीतरी त्याच तोंडानं खरं सांगितलं, तरी ते खरं वाटत नाही.

पण इथे एक फरक करायला हवा. युदिनचा संशय आणि आपला संशय एक नाही. त्याच्या संशयाची किंमत त्यानं आयुष्यभर मोजली. आपल्या संशयाला काहीच किंमत पडत नाही. किंमत पडते ती तिसऱ्याच कुणाला.

त्या डोंगराच्या परिसरात मान्सी लोक राहतात. शिकार आणि रेनडिअर पाळणं यांवर जगणारा हा छोटा आदिवासी समाज. सुरुवातीला पहिला संशय त्यांच्यावर गेला. आपल्या पवित्र जागेत आले म्हणून यांनी मारलं, असा कयास. त्यांची चौकशी झाली. वास्तविक शोध घेणाऱ्यांमध्ये मान्सी शिकारीही होते. तंबू बाहेरून नव्हे, तर आतून कापला आहे हे सिद्ध झालं, आणि दुसऱ्या कुणाच्या पावलांच्या खुणाही नव्हत्या, म्हणून ते सुटले. एका चिरेची दिशा ओळखली गेली नसती तर काय झालं असतं, याची कल्पना करून पाहा. तरी ही थिअरी अजून फिरते. खोलात स्याखल म्हणजे 'मृतांचा डोंगर', हे तर प्रत्येक व्हिडिओत असतं. त्या नावाचा साधा अर्थ शिकार न मिळणारा, ओसाड डोंगर असा लावला जातो, हे क्वचितच सांगतात. गट ज्या ओतोर्तेन शिखराकडे निघाला होता, त्याचं नाव म्हणे 'तिकडे जाऊ नका'. मान्सी मात्र त्या शिखराला हंसाच्या घरट्याचा डोंगर म्हणतात.

मेलेल्यांचीही सुटका नाही. मुलींवरून आपसात मारामारी झाली, अशी एक थिअरी. झोलोतार्योव्ह केजीबीचा माणूस होता, ही दुसरी. २०१८ साली त्याची कबर उकरून, आत तोच आहे का हे डीएनएवरून तपासण्यात आलं. त्या विनोदी वार्तापत्रात, हिममानव उत्तर उरलमध्ये राहतात, अशी थट्टा होती. थंडीत एकमेकांना हसवायला लिहिलेली ती ओळ पुढे हिममानवाचा पुरावा म्हणून टीव्हीवर आली.

म्हणून मला एक नियम सुचवावासा वाटतो. सगळ्या थिअऱ्यांना एकाच तराजूत तोलू नये. ज्या थिअरीत कुणीतरी गुन्हेगार, खुनी किंवा लबाड ठरतो, तिच्याकडे पुरावा जास्त मागावा. हिमस्खलनाची थिअरी चुकीची निघाली तर बर्फाची बदनामी होत नाही. मान्सींची थिअरी चुकीची असून पसरली, तर एका जिवंत समाजाच्या माथी खून लागतो. 'मी फक्त प्रश्न विचारतोय' असं म्हणून यातून सुटता येत नाही. आपल्या गावात कुणाबद्दल कुजबुज सुरू झाली की ती नेहमी प्रश्नाच्याच रूपात सुरू होते.

दोष आणि दुर्दैव

तिसरं कारण सगळ्यांत कमी बोललं जातं. कटाची थिअरी खरी असेल, तर ते नऊ जण पूर्णपणे निर्दोष ठरतात. हिमस्खलनाची खरी असेल, तर उतार त्यांनीच कापला होता. खाली जंगलात, झाडांच्या आडोशाला तंबू लावता आला असता. तिथे लाकूड मिळालं असतं, शेकोटी झाली असती. ते उघड्या उतारावर का थांबले? कमावलेली उंची गमवायची नसेल, वादळात वाट चुकली असेल, किंवा उतारावर मुक्कामाचा सराव करायचा असेल. कारण काहीही असो, निर्णय म्होरक्याचा होता, आणि म्होरक्या द्यातलोव्ह होता. त्या खिंडीला आज त्याचंच नाव आहे. ज्यांचं त्याच्यावर प्रेम होतं, त्यांना बर्फापेक्षा रॉकेट बरं वाटलं असेल, तर त्यात समजण्यासारखं पुष्कळ आहे.

१९७६ साली बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगल या दोन तत्त्वज्ञांनी 'नैतिक नशीब' असा एक प्रश्न मांडला. दोन ड्रायव्हर सारख्याच निष्काळजीपणानं गाडी चालवतात. एकाच्या वाटेत कुणी येत नाही, तो घरी जाऊन जेवतो. दुसऱ्याच्या वाटेत एक मूल येतं. कृती दोघांची सारखीच, पण आपण एकाला विसरतो आणि दुसऱ्याला जन्मभर दोषी धरतो. फरक फक्त नशिबाचा असेल, तर दोषाचं माप नशिबावर ठरवणं कितपत न्याय्य आहे?

द्यातलोव्हनं त्या रात्री जे केलं, ते त्याच्या काळच्या गिर्यारोहकांनी किती वेळा केलं असेल आणि सकाळी चहा पिऊन पुढे निघाले असतील. आतला कच्चा थर त्याला दिसणं शक्य नव्हतं. तो समजायला पुढे साठ वर्षं आणि एक संगणक लागला. निर्णय चुकणं आणि अपराध करणं यांत अंतर आहे. ते अंतर आपण मान्य केलं, तर त्याला वाचवायला रॉकेटची गरज उरत नाही. अपघातात गेलेल्या प्रत्येक ट्रेकरच्या बातमीखाली 'कशाला जायचं मरायला' असं लिहिणाऱ्यांनाही हेच सांगावंसं वाटतं. जे सुखरूप परतले, तेही त्याच वाटेनं गेले होते.

जे नक्की माहीत आहे

'त्यांना कशानं मारलं?' या एका प्रश्नामागे धावताना दुसरा एक प्रश्न हातातून निसटतो. तंबूबाहेर पडल्यावर त्यांनी काय केलं? गंमत म्हणजे या दुसऱ्या प्रश्नाची उत्तरं पहिल्यापेक्षा कितीतरी पक्की आहेत. ती बर्फात तशीच राहिली होती.

ते धावत सुटले नाहीत. ठसे चालत उतरणाऱ्या माणसांचे होते. उणे २५ अंशांच्या आसपासच्या थंडीत, अंधारात, पायांत बूट नसताना त्यांनी जंगल गाठलं आणि आग पेटवली. सीडरच्या फांद्या साधारण पाच मीटर उंचीपर्यंत मोडलेल्या होत्या, म्हणजे कुणीतरी बधिर हातांनी झाडावर चढलं होतं. झाडाखालच्या दोघांच्या अंगावर भाजल्याच्या खुणा होत्या, इतके ते आगीजवळ गेले होते. ते गेल्यावर त्यांचे कपडे इतरांनी काढून अंगावर घेतले, काही पायांना गुंडाळले. मित्राच्या देहावरून कपडा काढताना त्यांना काय वाटलं असेल, याचा अंदाज करायची मला इच्छा नाही. जो जिवंत आहे त्याला ऊब हवी, एवढा विचार त्या अवस्थेतही कुणीतरी केला, हे मात्र दिसतं. घळीत त्यांनी बर्फ खणून आसरा केला होता, खाली कोवळ्या झाडांच्या खोडांची आणि डहाळ्यांची बिछायत घातली होती आणि त्यावर बसायला कपडे ठेवले होते.

आणि तिघं जण वर, तंबूकडे परत निघाले होते. बूट आणि कोट तिथे होते. द्यातलोव्ह, स्लोबोदिन आणि कोल्मोगोरोवा एका रेषेत सापडले, तोंडं चढाच्या दिशेला. सगळ्यांत वर पोचली होती कोल्मोगोरोवा. ६३० मीटर.

हे सगळं कुठल्याही थिअरीत बसतं. कारण बर्फ असो, वारा असो, रॉकेट असो, त्या तासांत त्यांनी एकमेकांसाठी जे केलं ते बदलत नाही. तरीही व्हिडिओत या गोष्टी पुरावा म्हणून येतात. मोडलेल्या फांद्या दाखवून विचारतात, ते झाडावर कशाला घाबरून चढले? लाकूड तोडायला कुऱ्हाड नव्हती म्हणून चढले, हे साधं उत्तर तिथेच, त्या शेकोटीत पडलेलं असतं.

कुतूहल वाईट असं मी म्हणत नाही. कुतूहल नसतं तर तो शोधनिबंध झाला नसता, आणि तपास पुन्हा उघडावा म्हणून नातेवाईक इतकी वर्षं झगडले नसते. पण पुढच्या वेळी असा व्हिडिओ समोर आला, तर एवढंच पाहा: त्यात नऊ नावं आहेत, की फक्त नऊ मृतदेह? इगोर, झिनाइदा, ल्युदमिला, सेम्योन, गिओर्गी, युरी, रुस्तेम, निकोलाय, अलेक्झांडर. त्या रात्री त्यांना कशानं बाहेर काढलं, याबद्दल वाद चालू राहील. ते बाहेर पडल्यावर कसे वागले, याबद्दल वाद करायला फारशी जागा नाही, आणि ते सांगायला पाच मिनिटंही पुरतात.